साकोलीइतकं जवळ लुलेओ

आमच्या गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाला रस्त्यात अडवून स्वीडनची मोठी शहरं विचारा. तो बैल हाकता हाकता सांगेल, स्टॉकहोम, गोथेनबर्ग, माल्मो, उपसाला. फ्रान्सची राजधानी विचाराल तर डोकं खाजवेल. त्यात त्याचा दोष नाही. आमच्या शाळेतला फ्रान्स उदईनं खाल्ला होता.

शाळेत युरोपचा एकच नकाशा होता. खुंटीवरून थेट फरशीपर्यंत लोंबायचा. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत उदई, म्हणजे वाळवी, खालून चढली. इटली गेली, स्पेन गेला, फ्रान्स गेला, जर्मनीची चाळण झाली. ती डेन्मार्कपाशी पोचली तेव्हा शाळा उघडली, म्हणून वरचा तुकडा वाचला आणि त्याच्या मधोमध स्वीडन, एकही भोक न पडलेला. भूगोल शिकवणाऱ्या कापगते गुरुजींनी तो तुकडा झटकला, घरी नेऊन त्याचे काठ शिवले आणि पुन्हा खुंटीवर लावला. "जेवढा उरला तेवढा तरी पक्का करू," म्हणाले. नवीन नकाशा येणार होता. तो यायच्या आत गुरुजी निवृत्त झाले, आणि तो तुकडा त्यांच्या घरच्या ओसरीवर लागला.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडपासून तीन कोसांवर. कोस म्हटलेलं गुरुजींना खपलं नसतं. "नऊ किलोमीटर म्हणा, बाई. कोस ज्याच्या त्याच्या पायाचा असते."

मी त्या शाळेत रुजू झाले तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आता सत्तरी ओलांडली, बरंचसं विसरले, त्यामुळे माणूस म्हणून जरा सुधारले आहे. तेव्हा मी गोंदिया शहरातली, घरी निम्मी हिंदी बोलणारी, खांद्याला पर्स लावून फिरणारी मास्तरीण. डोळ्यांवर चष्मा होता, त्याला नंबर नव्हता. विद्वान दिसावं म्हणून लावत होते. पहिल्या दिवशी एका पोराने मला "काऊन जी, मॅडम?" असं विचारलं तर मी त्याला 'का' आणि 'कशासाठी' यांवर अर्धा तास सुनावलं होतं. आज माझी नातवंडं मला काही विचारतात तेव्हा मीच "काऊन गा?" म्हणते. त्या पोराच्या कानावर गेलं तर बरं होईल.

गुरुजी तेव्हा पस्तिशीचे. उंच, काटकुळे, बारा महिने हातात छत्री. ती पावसासाठी नव्हती, नकाशावर शहरं दाखवायला होती. खिशात खडू, त्यामुळे एका बाजूचा सदरा कायम पांढरट. एकच वेड, अंतराचं. कोणी सांगितलं की नागपूरला अमक्याला मुलगा झाला, तर गुरुजींचा पहिला प्रश्न, "नागपूरले कुठं? आपल्या फाटकापासून किती?" जगातली सगळी अंतरं ते शाळेच्या फाटकापासून मोजायचे. लग्नाच्या पत्रिकेवर पत्ता असायचा, गुरुजी त्याखाली पेन्सिलीने किलोमीटर लिहून ठेवायचे.

त्यांच्या वर्गातली मधली रांग म्हणजे स्वीडन. सर्वांत पुढचा बाक माल्मो, त्यामागे गोथेनबर्ग, मग स्टॉकहोम, उपसाला, असं करत करत पाठीमागे उमेओ, लुलेओ आणि अगदी भिंतीला टेकलेलं किरुना. पोरगं मस्ती करायला लागलं की गुरुजी छत्री मागे रोखायचे, "किरुनाले जा." पोरं दप्तर उचलून उत्तर ध्रुवाकडे चालू लागायची. माझा स्वतःचा मुलगा पाचवी आणि सहावी अशी सलग दोन वर्षं किरुनाचा रहिवासी होता. गुरुजी मला शिक्षकांच्या खोलीत विचारायचे, "बाई, पोराले स्वेटर नाही का देत?"

आता मला माझ्या पराक्रमाकडे यावंच लागेल.

गुरुजी कोहळी समाजाचे. आमच्या भागातले जुने तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेले. अशा घरात पोर बोलायला शिकतं तेच पाळ कुठे फुटली आणि पाट कोणी अडवला हे ऐकत. पाळ म्हणजे तलावाचा बांध. तर स्वीडनमध्ये व्हेनर्न नावाचा अफाट मोठा जलाशय आहे, आणि गुरुजी बारा वर्षं पोरांना सांगत आले होते की तो तिथल्या कोहळ्यांनी बांधला. तलाव म्हटला की तो कोणीतरी बांधलेलाच, आपोआप झालेला तलाव त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. फळ्यावर व्हेनर्न काढला की त्याला पश्चिमेकडून जाड पाळ काढायचे, आणि खाली पाणी सोडायचं दारही. "बांधणाऱ्याचं नाव पुस्तकात नाही," ते म्हणायचे. "आपल्याबी बांधणाऱ्याचं कुठं असते?"

तपासणीसाठी मोठे साहेब आले होते. गुरुजींचा तास रंगलेला. मी मागे, किरुनाच्या शेजारी उभी. नुकतंच एक जाडं पुस्तक वाचून काढलं होतं आणि ते कोणाला कळलं नाही तर माझा जीव गेला असता. मी हात वर केला. विद्यार्थ्यासारखा! म्हटलं, "सर, व्हेनर्न कोणी बांधलेला नाही. हिमनद्यांनी जमीन कोरली, त्यातून तो तयार झाला."

साहेब हसले. मग पोरं हसली. मी चष्मा नाकावर नीट केला.

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं. डस्टर घेतलं आणि ती पाळ पुसली, दगडदगड काढावा तशी हळू. मग म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. पोरांनो, वहीत खोडा."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर मी सुटले असते. त्यांनी वेगळंच केलं. दिवाळीच्या सुट्टीत सायकल काढली आणि बारा वर्षांचे जुने विद्यार्थी गाठत सुटले, दुरुस्ती सांगायला. कोहमाऱ्याच्या चौकात ईश्वर नावाचा त्यांचा विद्यार्थी ढाबा चालवायचा. ट्रकवाल्यांच्या गर्दीत गुरुजी जाऊन उभे राहिले.

"ईश्वर, व्हेनर्न कोणीच नाही बांधला रे. बर्फानं झाला."

ईश्वरच्या हातात तवा. "गुरुजी, म्या तं व्हेनर्नच विसरलो होतो जी!"

"मंग आधी आठव. मंग दुरुस्त कर."

एक मुलगी दवनीवाड्याला दिली होती. तिथे सायकलीने जाणं शक्य नव्हतं, तर गुरुजी गाडीने गोंदिया आणि पुढे बसने गेले. ती धानाच्या बांधीत विळा घेऊन उभी होती. तिची सासू आजूबाजूच्या बायांना सांगत सुटली, सुनेच्या गावचे गुरुजी आले, काहीतरी वाईट झालं वाटते. गुरुजींनी बांधावरूनच निरोप सांगितला, पाणी प्यायले आणि परत फिरले. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. ईश्वरनं सांगितलं, अनेक वर्षांनी, माझ्या ताटात डाळ वाढताना.

तेव्हापासून गुरुजी एकही चुकीचं अंतर, चुकीचं नाव तोंडातून जाऊ देईनात. लेकाच्या बारशातही जिलेबी खाता खाता पाहुण्याची चूक सुधारायचे. निवृत्तीनंतर मी त्यांच्या शेजारीच घर बांधलं. तोवर माझ्या चष्म्याला खरा नंबर आला होता आणि माझी मिजास उतरली होती. मधल्या कुंपणात आम्ही एक फट ठेवली होती, तिच्यातून पापड, लोणचं आणि स्वीडन यांची ये-जा चाले.

एकदा त्यांना कळलं की किरुनाखाली लोखंडाची खाण पसरत गेली म्हणून आख्खं शहरच तीनेक किलोमीटर सरकवताहेत, जुनं लाकडी चर्चसुद्धा उचलून नेताहेत. दोन दिवस गुरुजी फार गंभीर. तिसऱ्या दिवशी फटीतून म्हणाले, "बाई, तुमच्या पोराले कळवा. त्याचा बाक सरकला."

ही बातमी त्यांना आणून दिली होती पल्लवीनं, त्यांच्या नातीनं. आणि खरी गोष्ट तिचीच आहे.

पल्लवी नागपूरला शिकत होती. विषय खडकांचा, जमिनीखाली काय चालतं त्याचा. आजोबांच्या मांडीवर बसून तिनं शहरं पाठ केलेली, तर तिनं अर्जही कुठे केला? स्वीडनला. शिष्यवृत्ती मिळाली. शहर लुलेओ. आमच्या वर्गातला शेवटून दुसरा बाक.

घरात बोलायचं काम तिच्या आईचं, वंदनाचं. गुरुजींचा मुलगा शेतीत रमलेला, त्याचं होही नाही आणि नाहीही नाही. वंदना मात्र ठाम होती. पोरगी जाणार नाही. याला कारण होतं. वंदनाची धाकटी बहीण सुरतेला दिली होती. ती अचानक आजारी पडली आणि वंदनाला इथून तिथे पोचायला दोन दिवस लागले. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून वंदना शहराचं नाव विचारत नाही, फक्त विचारते, कोणी आपलं माणूस किती वेळात पोचन?

स्टॉकहोमला वंदनाच्या माहेरच्या ओळखीची, साकोलीची एक मुलगी नोकरीला होती. स्नेहा तिचं नाव. मे महिन्यातल्या एका सकाळी गुरुजींच्या अंगणात वंदनानं तिचाच धागा धरला. मी चहाला बसले होते. पल्लवी खांबाला टेकून नखं खात होती. वंदना सासऱ्यांना म्हणाली,

"मामाजी, स्नेहा स्टॉकहोमले आहे. पल्लवीले काही झालं तं स्नेहा तिच्याजवळ किती वेळात पोचन? तेवढं सांगा. मी काही दुसरं विचारत नाही."

गुरुजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. नकाशाकडे पाहिलं नाही. मला ते चांगलं आठवतं, कारण अंतर सांगताना त्यांनी नकाशाकडे पाहिलं नाही असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"पाऊण तास," ते म्हणाले. "आपल्याइथून साकोली. तेवढंच."

स्टॉकहोम ते लुलेओ नऊशे किलोमीटर! वर्गातलं कच्चं पोरगंही सांगेल. पल्लवीचं बोट तोंडातच राहिलं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत कॉपी करणारं पोरगं पर्यवेक्षकाकडे पाहतं ना, तसं. एकेकाळी हात वर करणारी मी, बशीतला चहा फुंकत बसले. तो केव्हाच थंड झाला होता.

दुसऱ्या दिवशी वंदना माझ्याकडे कैऱ्यांची टोपली घेऊन आली. लोणच्याच्या फोडी करायच्या होत्या. तिनं सरोता, म्हणजे कैऱ्या फोडायचा मोठा अडकित्ता, मांडला, दोन-चार कैऱ्या फोडल्या आणि मान वर न करता विचारलं,

"मॅडम, तुम्हीबी शिकवलं. स्टॉकहोम ते लुलेओ खरंच साकोलीएवढं आहे का जी?"

मी म्हटलं, "गुरुजी नकाशात चुकत नाहीत, वंदना."

"म्हणजे आहे?"

"आहे."

सरोता खाडकन मिटला. वंदना हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

"तुम्हीबी, मॅडम! अवो, म्या कालच मोबाइलात पाहिलं ना. नऊशे किलोमीटर. रात्रभर गाडी चालते."

माझी अवस्था काय सांगू. या वयात, डोळ्यांत कैरीचा रस उडालेला, आणि खोटं बोलताना पकडलेली. म्हटलं, "मग मला कायले विचारून राहिली?"

"पाहत होती, तुम्ही काय करता ते." तिनं पुढची कैरी घेतली. "मामाजी कधी खोटं बोलले नाहीत. सासूबाईनं लुगडं कसं आहे विचारलं तं खराब म्हणत. त्या रडत. असा माणूस नातीसाठी खोटं बोलला, तेबी अंतराचं. रातभर इचार केला. म्हटलं, त्यांच्या मनात एवढं असंल तं पोरीले अडवणारी मी कोण? जाऊ दे तिले." मग सरोता माझ्याकडे रोखून म्हणाली, "पण त्यांना सांगू नका. जिंदगीत एक खोटं बोलले, तेबी पकडलं गेलं म्हटलं तं मन मोडन त्यांचं."

ऑगस्टमध्ये पल्लवी गेली. गुरुजींनी तिला एक वही दिली, त्यात फाटकापासूनची सगळी अंतरं. लुलेओसमोरची जागा तेवढी कोरी.

इथून पुढे गुरुजी बिघडले. सुनेनं खीर केली तर "पोट बरं नाही." तिनं पाय चेपू का विचारलं तर पाय आखडून घ्यायचे. टीव्हीवर बर्फ दिसला की उठून जायचे. एका संध्याकाळी फटीशी येऊन म्हणाले,

"बाई, त्या दिवशी तुम्ही मले काऊन नाही टोकलं? साहेबासमोर तं टोकलं होतं."

"तेव्हा मी हुशार होते, गुरुजी."

ते हसले नाहीत. "ती मले अजूनबी जेवायच्या आधी विचारते, काही पाहिजे का. मी तिले फसवलं. उद्या पोरीले ताप आला, तं स्नेहा पाऊण तासात कुठून येईन?"

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. वंदनाला शब्द दिला होता, म्हणून चावलं. एवढी वर्षं तोंड आवरायला शिकण्यात घालवली आणि ते आवरणं नेमकं चुकीच्या वेळी जमलं.

दिवाळीला पल्लवी स्नेहाकडे स्टॉकहोमला गेली. परतल्यावर दुपारी तिचा फोन आला. तिकडे सकाळ. वंदनानं फोन स्पीकरवर टाकून पाटावर ठेवला. मी करंजी खात होते. गुरुजी खांबापलीकडे पाठमोरे बसलेले, ऐकत नसल्यासारखे.

"पोचली का वो नीट? गाडीले किती वेळ लागला?" वंदनानं विचारलं.

आजोबांचं खोटं उघडं पडू नये म्हणून पल्लवीला आईनं आधीच पढवून ठेवलं होतं. "पाऊण तास, आई."

गुरुजींची पाठ ताठ झाली.

"बसायले जागा भेटली?"

"हो ना. बसले, खिडकीतून पाहिलं, तेवढ्यात लुलेओ आलं."

"कसं आलं?"

हा आवाज गुरुजींचा. आवाज कसला, वर्गातली गर्जना. ते उठले, छत्रीसकट फोनपाशी आले. "पाऊण तासात लुलेओ कसं येईन? नऊशे किलोमीटर आहे! अगं, विमानालेबी सव्वा तास लागते! कोणत्या गाडीनं गेली तू? मधात सुंड्सवाल नाही लागलं? उमेओ नाही लागलं? शिकवलं काय आणि सांगून काय राहिली!"

माझी करंजी हातात. गुरुजींना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. ते सुनेकडे वळले. एवढा उंच माणूस, पण त्या क्षणी मला आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरांएवढा वाटला.

"वंदना," ते म्हणाले, "म्या तुले चुकीचं सांगितलं होतं."

"माहीत आहे, मामाजी."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

"आणि तरीबी जाऊ दिलं?"

वंदनानं त्यांच्यासमोर करंज्यांची ताटली सरकवली. "तुम्ही तं नातीसाठी खोटं बोलले. मी फक्त हो म्हटलं."

गुरुजी मटकन बसले. आणि मग चिडले, अगदी मनापासून. "मंग सांगितलं काऊन नाही? तीन महिने म्या खीर नाही खाल्ली!" फोनमध्ये पल्लवी हसत होती, का रडत होती, त्या यंत्रातून काही कळत नव्हतं.

आठवड्याने मी हिवाळ्यापुरती मुलाकडे नागपूरला निघाले. मी तिकडे असतानाच जानेवारीत, एका दुपारी झोपेत, गुरुजी गेले. तेव्हा मी पोचू शकले नाही. म्हणून निघायच्या दिवशी फटीतून जे पाहिलं, तेच माझ्याजवळ राहिलं.

अंगणात कोवळं ऊन होतं. वंदना सुपात नवे तांदूळ घेऊन खडे निवडत बसलेली. गुरुजी बाजूला, मांडीवर खिरीची वाटी, छत्री भिंतीला टेकवलेली.

"चाल, स्टॉकहोमवरून," गुरुजी म्हणाले.

"स्टॉकहोम. उपसाला. गेव्हले. सुंड्सवाल." वंदनानं एक खडा काढून अंगणात फेकला. "लुलेओ."

"उमेओ कुठं गेलं?"

"राहिलं वाटते."

"गाडी काय उमेओवरून उडून गेली? चाल, परत."

"परत सारं?"

"सारं. स्टॉकहोमवरून."

वंदनानं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला, आणि चेहरा अगदी बावळट करून पुन्हा स्टॉकहोमवरून निघाली. गुरुजींनी खिरीचा चमचा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच धरून ते ऐकत बसले, ती उमेओला पोचेपर्यंत.